फिलाडेल्फियाला चार तास द्या : पूर्व किनाऱ्याच्या सहली नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सहली नेणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि टूर मॅनेजर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत न्यूयॉर्क आणि हर्शे किंवा वॉशिंग्टन यांच्या मध्ये बहुतेक वेळा एक ओळ असते : ‘वाटेत फिलाडेल्फिया येथे लिबर्टी बेल पाहून पुढे प्रयाण’. नाश्ता उरकून न्यूयॉर्कहून निघालेली बस अकरा-साडेअकराला पोहोचते. तोवर घंटेची रांग रस्त्यापर्यंत आलेली असते. मग एकतर उन्हात पाऊण तास उभे राहायचे, नाहीतर बाहेरून काचेतूनच घंटा पाहायची. समोरच्या इंडिपेन्डन्स हॉलचा फोटो रस्त्याच्या अलीकडून निघतो, माणसे मोजली जातात, बस सुटते. त्याच हॉलच्या एका दालनात 1776 साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि त्याच दालनात 1787 साली राज्यघटनेवर सह्या झाल्या. सात समुद्र ओलांडून आलेली माणसे त्या दालनाच्या शंभर पावलांवरून मागे फिरतात.

ही ओळ कार्यक्रमपत्रिकेतून काढा आणि तिच्या जागी चार तास लिहा. त्यासाठी सहलीचा एकही दिवस वाढवावा लागत नाही. न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया अंतर साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर दोन तास. फिलाडेल्फिया ते हर्शे पुन्हा तेवढेच. साडेसहाला निघालात तर नऊच्या आत पोहोचता, दुपारी एकला निघालात तरी साडेतीनपर्यंत हर्शेला असता. नाश्त्याचे डबे बसमध्ये द्यावे लागतील, एवढाच काय तो त्रास.

आता तिकिटांचे. लिबर्टी बेलला तिकीट नाही, जो आधी येईल तो आधी आत. इंडिपेन्डन्स हॉलला प्रवेश मोफत आहे, पण वर्षातला बहुतेक काळ ठरावीक वेळेचे तिकीट लागते आणि ते रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आधी घ्यावे लागते. आरक्षणाचा आकार माणशी 1 डॉलर. इतकी किरकोळ रक्कम असल्यामुळेच ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलले जाते, आणि तिथेच सगळे बिनसते. तुमचा मोठा हंगाम मे-जूनचा, म्हणजे आपल्या शाळांच्या सुट्टीचा. अमेरिकेतल्या शाळांच्या सहलींचा हंगामही नेमका तोच, कारण त्यांच्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत चालू असतात. बसच्या बस भरून मुले येतात आणि सकाळच्या वेळा आधीच संपलेल्या असतात. चाळीस जणांच्या ग्रुपला एकाच वेळेची चाळीस तिकिटे ऐनवेळी मिळत नाहीत. प्रवाशांची यादी पक्की होण्याची वाट पाहू नका. तारीख ठरली की अंदाजाने तिकिटे घेऊन ठेवा. दोन-चार वाया गेली तर दोन-चार डॉलर गेले.

आरक्षण दोन लगतच्या वेळांमध्ये विभागावे लागले तर ग्रुप बसमध्येच वाटून टाका आणि दोन्ही तुकड्यांचा एकेक म्होरक्या ठरवा. फुटपाथवर उभे राहून ‘तुम्ही पहिल्यात की दुसऱ्यात’ करायला गेलात की दहा मिनिटे जातात. तिकिटावर छापलेली वेळ फेरी सुरू होण्याची असते, तपासणीच्या रांगेत लागण्याची नव्हे. अर्धा तास आधी चेस्टनट स्ट्रीटवरच्या तपासणीच्या दारापाशी असायला हवे. मोठ्या बॅगा आणि घरून आणलेला कात्री-सुरीचा संसार बसमध्येच राहू द्या. बस थांबल्याबरोबर सगळ्यांना सहाव्या रस्त्यावरच्या व्हिजिटर सेंटरमधल्या स्वच्छतागृहात पाठवा. एकदा रांगेत लागल्यावर बाहेर पडून पुन्हा आत यायचे म्हणजे तपासणी पहिल्यापासून. ज्येष्ठ मंडळी ग्रुपमध्ये असतात म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

इतके करूनही हॉलची तिकिटे हुकली तर हात हलवत परतू नका. तपासणीतून चौकात गेल्यावर हॉलच्या पश्चिमेकडच्या जोडइमारतीत एक छोटे प्रदर्शन आहे, त्याला हॉलचे तिकीट लागत नाही. जाहीरनाम्याची पहिली छपाई जॉन डनलॅपच्या छापखान्यात झाली, त्यातली एक प्रत तिथे आहे. शिवाय फिलिप सिंग या सोनाराने 1752 साली घडवलेली चांदीची दौत आहे. जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवर सह्या करताना लेखण्या याच दौतीत बुडवल्या गेल्या असे मानले जाते. शेजारच्या काँग्रेस हॉलमध्ये 1790 ते 1800 या काळात, फिलाडेल्फिया देशाची राजधानी असताना, संसद भरायची. दोन्ही ठिकाणे त्या दिवशी किती वाजता उघडी आहेत ते व्हिजिटर सेंटरमध्ये सकाळीच विचारून घ्या.

क्रम असा ठेवा : नऊला घंटा, त्यानंतर हॉल, मग पायी जुनी वस्ती. उलट क्रम लावला की घंटेची रांग वाढते आणि ऊनही.

घंटेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त चुकीचे तिथेच सांगितले जाते.

पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या विधिमंडळाने ही घंटा 1751 साली लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेकडून मागवली. 1752 मध्ये ती आली आणि चाचणीच्या टोल्यालाच तडकली. जॉन पास आणि जॉन स्टो या स्थानिक कारागिरांनी ती फोडून, वितळवून पुन्हा ओतली आणि ठिसूळपणा जावा म्हणून तांबे वाढवले. तिचा आवाज कुणालाच आवडला नाही, म्हणून त्यांनी ती आणखी एकदा ओतली. आज दिसते ती ही तिसऱ्या ओतकामाची घंटा. वजन 2,080 पौंड, म्हणजे साधारण 940 किलो. धातूत ढोबळमानाने 70 टक्के तांबे आणि 25 टक्के कथील. कांशाची भांडी हाताळलेल्या माणसाला कथिलाचे हे प्रमाण ऐकताच कळते : नाद चांगला, पण ठोका चुकला की भेग.

आता ती भेग. सगळे जण जिच्यासोबत फोटो काढतात ती अर्धा इंच रुंदीची फट म्हणजे मूळ तडा नव्हे, ती दुरुस्ती आहे. मूळ तडा केसासारखा बारीक होता. घंटा वाजली की त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून आवाज फाटायचा. 1846 साली वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवायची होती, म्हणून कारागिरांनी तो तडा मुद्दाम कोरून रुंद केला, म्हणजे कडा एकमेकींना लागू नयेत. युक्ती बरोबर होती, पण धातूने साथ दिली नाही. रुंद फटीच्या वरच्या टोकापासून नवा बारीक तडा निघाला आणि अक्षरांच्या ओळी कापत वर चढला. घंटा कायमची मुकी झाली ती या दुसऱ्या तड्यामुळे. तो बघायचा तर घंटेच्या अगदी समोर न थांबता किंचित बाजूला सरकायचे आणि रुंद फटीच्या शेंड्यापासून नजर वर न्यायची. एखाद्या आजीला बोटाने ती रेघ दाखवली तर तिला त्या एका मिनिटात जे मिळते ते तासाभराच्या भाषणात मिळत नाही.

4 जुलै 1776 रोजी ही घंटा वाजली आणि स्वातंत्र्य जाहीर झाले, असे सांगू नका. त्या दिवशी जाहीर घोषणा झालीच नव्हती. जाहीरनामा लोकांसमोर पहिल्यांदा वाचला गेला तो 8 जुलैला, हॉलमागच्या मैदानात. चौथ्या तारखेच्या घंटानादाची कथा 1847 साली एका लेखकाने रचली आणि ती पाठ्यपुस्तकांत शिरली. ‘लिबर्टी बेल’ हे नावही 1776 चे नाही. घंटेवर बायबलमधले वचन कोरले आहे, त्याचा अर्थ असा : या भूमीवर राहणाऱ्या सर्वांना स्वातंत्र्य घोषित करा. 1830 च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी त्यातल्या ‘सर्वांना’ या शब्दावर बोट ठेवले आणि घंटेला हे नाव दिले. तोपर्यंत ती विधिमंडळाच्या इमारतीवरची एक जुनी घंटा होती.

इथूनच पुढची गोष्ट सुरू होते, आणि आमची सर्वांत मोठी विनंती तिच्याबद्दल आहे.

घंटेच्या इमारतीकडे जाणारी रांग सहावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यापाशी लागते. तिथेच एका घराचे अवशेष आहेत. 1790 ते 1797 या काळात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन त्या घरात राहत होते आणि त्यांच्याबरोबर नऊ गुलामही. त्यांची नावे : ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलिस, ख्रिस्तोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, ओनी जज, मोल आणि जो. पेनसिल्व्हेनियाचा 1780 चा कायदा असा होता की, बाहेरून आलेल्या मालकाने गुलामाला सलग सहा महिने प्रांतात ठेवले तर त्या गुलामाला मुक्ती मागता येई. म्हणून सहा महिने भरायच्या आत या माणसांना थोड्या दिवसांसाठी प्रांताबाहेर नेऊन परत आणले जायचे, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून सुरू. ओनी जज ही मार्था वॉशिंग्टन यांची खास दासी. 21 मे 1796 च्या संध्याकाळी घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले, पण ती आली नाही. 1848 मध्ये तिचा मृत्यू झाला तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती पळालेली गुलामच होती.

नवीन घंटाघर 2003 साली उघडले. ते बांधले जात असतानाच या जागेचा प्रश्न पुढे आला, शहरातल्या आफ्रिकी-अमेरिकी नागरिकांनी आवाज उठवला, 2007 मध्ये उत्खनन होऊन घराच्या पायाचे दगड सापडले आणि 2010 च्या डिसेंबरमध्ये स्मारक खुले झाले. तुमची माणसे रांगेत वीस मिनिटे उभी असतात ती याच पायाच्या बाजूला, आणि त्या वीस मिनिटांत त्यांना कुणी काही सांगत नाही. तिथे फलक असोत वा नसोत, ही नऊ नावे गाइडने तोंडाने सांगायची आहेत. मराठी माणसाला इतिहासातला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. समतेची भाषा बोलणाऱ्यांच्या घरात कोण कुठे झोपत असे, हा प्रश्न विचारायला आपण आपल्याकडे शिकलो आहोत.

हॉलच्या आतली फेरी राष्ट्रीय उद्यान खात्याचे रेंजरच घेतात, तुमचा गाइड नव्हे. ती अर्ध्या तासात संपते आणि इंग्रजीत असते. रेंजर बोलत असताना टूर मॅनेजरने मागच्या रांगेत कुजबुजत भाषांतर करू नये. त्याचे कुणाला ऐकू जात नाही आणि रेंजरचेही बुडते. त्याऐवजी बसमध्येच पंधरा मिनिटे मराठीत सांगून टाका : खालच्या मजल्यावर एका बाजूला न्यायालयाचे दालन, तिथे आरोपीचा कठडा दिसेल. समोरच्या दालनात हिरव्या कापडाची टेबले दिसतील. त्या दालनातले बहुतेक सामान त्या काळातले असले तरी त्याच खोलीतले नाही, मात्र पुढच्या बाजूची अध्यक्षांची खुर्ची अस्सल आहे. तिच्या पाठीवर वरच्या टोकाला अर्धा सूर्य कोरला आहे. घटनासभेचे काम संपले तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले की, हा सूर्य उगवतीचा की मावळतीचा ते मला इतके दिवस कळत नव्हते, आता कळले, उगवतीचा आहे. एवढे माहीत असलेला माणूस दालनात शिरल्यावर आधी खुर्ची शोधतो.

बाहेरच्या फेरीसाठी गाइड मात्र तुम्हाला निवडावा लागतो. न्यू ऑर्लिन्समध्ये परीक्षा देऊन परवाना काढल्याशिवाय फेरी घेता येत नाही. चार्ल्स्टनमध्ये अशी सक्ती होती, ती 2018 मध्ये न्यायालयाने रद्द केली. फिलाडेल्फियाने 2008 मध्ये असा कायदा केला, पण तो अमलात आला नाही. म्हणजे परीक्षा तुम्हीच घ्यायची आहे. फोनवर तीन प्रश्न विचारा : घंटेची रुंद फट कशी पडली, 4 जुलैला घंटा वाजली का, आणि ओनी जज कोण. तिन्हींची सरळ उत्तरे देणारा माणूस घ्या, मग तो पन्नास डॉलर जास्त मागत असला तरी. भुताखेतांच्या गोष्टी सांगणारे गाइड भरपूर आहेत, ते रात्रीच्या फेऱ्यांसाठी ठीक.

चाळीस माणसांना एक गाइड पुरत नाही. वीसच्या वर गेले की मागच्यांना फक्त गाइडची छत्री दिसते. दोन गाइड घ्या, किंवा निदान कानात घालायचे रिसिव्हर घ्या. रिसिव्हर आदल्या रात्री हॉटेलवर चार्ज करून, प्रत्येकाच्या गळ्यात अडकवून, बसमध्येच आवाज लावून द्यायचा. फुटपाथवर वाटायला काढले की पहिला थांबा त्यातच जातो.

पायी फेरीचा पल्ला दीड-दोन किलोमीटरच्या वर नेऊ नका. रस्ते समजायला सोपे आहेत. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनच्या सांगण्यावरून 1680 च्या दशकात शहराची आखणी चौकटीत झाली : उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना बहुतेक झाडांची नावे. चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. हे एकदा सांगितले की चुकलेला माणूसही आपण कुठे आहोत ते फोनवर नीट सांगू शकतो. हॉलपासून पाचव्या रस्त्याने आर्च स्ट्रीटला गेलात की क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीच्या कठड्यातून फ्रँकलिनची कबर दिसते. तिच्यावर नाणी फेकायची प्रथा आहे. ती फेकू देऊ नका, कारण नाण्यांच्या माऱ्यानेही त्या दगडाचे नुकसान झाले आहे.

तिथून एल्फ्रेथ्स ॲली पाच-सात मिनिटांवर. 32 घरांची ही गल्ली अठराव्या शतकापासून वसलेली आहे आणि आजही त्या घरांमध्ये कुटुंबे राहतात. खिडकीला नाक लावून आत बघणे, पायऱ्यांवर बसून डबा उघडणे, दाराची कडी हातात घेऊन फोटो काढणे हे सगळे आपल्या वाड्याच्या दिंडीत कुणी केले तर कसे वाटेल, एवढे विचारले की पुरते. गल्लीत वर बघायला शिकवा. काही घरांच्या भिंतींवर धातूच्या छोट्या पट्ट्या आहेत, त्या आगीच्या विम्याच्या खुणा. चार हातांची गुंफण ही फ्रँकलिनने 1752 मध्ये सुरू करायला मदत केलेल्या विमा मंडळीची. अंगणात झाड असलेल्या घरांना ती मंडळी पुढे विमा देईना, तेव्हा 1784 मध्ये दुसरी मंडळी निघाली आणि तिने खूण घेतली ती झाडाचीच. वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर तिरपे आरसे दिसले तर ते दारात कोण आले आहे ते वरूनच पाहण्यासाठी. जुन्या शहरात हे सगळे डोळ्यांच्या वर असते आणि आपली माणसे मोबाइलच्या पडद्यात बघत पुढे जातात.

या गल्लीत दगडी फरसबंदी आहे. व्हीलचेअर अडखळते, गुडघे बदललेल्यांना त्रास होतो, चपला घसरतात. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी थांबून तिथूनच सांगायची तयारी गाइडने ठेवावी. पाण्याची बाटली प्रत्येकाच्या हातात हवी. जुलै-ऑगस्टमध्ये इथला उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा दमट असतो. जेवण बारा-साडेबाराला, बसमधले डबे हॉलसमोरच्या हिरवळीच्या, म्हणजे इंडिपेन्डन्स मॉलच्या, बाकांवर. वेळ असला तर बाराव्या रस्त्यावरचे रीडिंग टर्मिनल मार्केट दाखवा. ते 1893 पासून चालू आहे आणि शाकाहारी माणसालाही तिथे खायला मिळते. रविवारी मात्र तिथली आमिश शेतकऱ्यांची दुकाने बंद असतात.

आणि बस सुटल्यावर, शहर सोडायच्या आधी, एक गोष्ट राहू देऊ नका. आनंदीबाई जोशी याच शहरात डॉक्टर झाल्या. 1850 साली स्थापन झालेले विमेन्स मेडिकल कॉलेज तेव्हा गिरार्ड कॉलेजच्या शेजारी, नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर होते. तिथे 11 मार्च 1886 रोजी मिळालेल्या पदवीच्या सोहळ्याला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई गेल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कॉलेज 1930 मध्ये शहराच्या ईस्ट फॉल्स भागात हलले, त्यामुळे जुन्या जागी उतरून बघण्यासारखे नाही आणि त्यासाठी बस वळवायचीही गरज नाही. पण त्या कॉलेजचे दप्तर आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे जपलेले आहे. त्यात 1885 चे एक छायाचित्र आहे : साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघी एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी. ते बसच्या पडद्यावर लावा. गोपाळरावांची पत्रे ज्या शहरात येऊन पडत होती ते शहर खिडकीबाहेर आहे, हे तुमच्या सहलीतल्या बायकांना कळू द्या. कित्येकींनी आनंदीबाई शाळेच्या धड्यात वाचलेल्या असतात, त्या कुठल्या गावी शिकल्या हे मात्र त्या गावातून जातानाही कुणी सांगितलेले नसते.

जाहीरनाम्याला 2026 मध्ये 250 वर्षे होत असल्याने त्या उन्हाळ्यातली गर्दी नेहमीच्या अंदाजाने मोजू नका. हॉलच्या तिकिटांची तारीख तुमच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर व्हिसाच्या तारखेशेजारीच लिहून ठेवा. या पत्रातली घंटेची, नऊ नावांची आणि आनंदीबाईंची माहिती एका पानावर मराठीत छापून टूर मॅनेजरच्या हाती द्यायची असेल तर जशीच्या तशी वापरा, आमचे नाव घालायची गरज नाही.

कळावे,

आपले,
जुन्या फिलाडेल्फियाच्या पायी फेऱ्या आखणारे मराठी मंडळी